लाखेच्या पाणबुड्या: सावंतवाडीच्या एका कारखान्यातील ब्रिटिश नमुनासंच

सावंतवाडीची लाकडी खेळणी म्हटली की रंगीत फळे, भाजीपाला, भातुकली आणि पाट-चौरंग एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येते. चितार आळीपासून थोड्या अंतरावर असलेल्या, याच परंपरेतील एका लहान कारखान्याने अलीकडे मागणीनुसार जहाजांचे लाकडी नमुने करून देण्यास सुरुवात केली आहे. मालवण तालुक्यातील आमच्या शाळेच्या ग्रंथालयासाठी आम्ही त्यांच्याकडून दुसऱ्या महायुद्धातील आणि त्यानंतरच्या ब्रिटिश पाणबुड्यांचा सहा नगांचा संच करून घेतला. टी, एस, यू आणि ए हे चार वर्ग (वर्ग म्हणजे एकाच आराखड्यावर बांधलेल्या पाणबुड्या), युद्धानंतरचा ओबेरॉन वर्ग आणि ब्रिटनची पहिली अणुपाणबुडी 'ड्रेडनॉट' अशी ही निवड होती. संच हाताळून, मोजून आणि एक पावसाळा कपाटात ठेवून पाहिल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. थोडक्यात सांगायचे तर कातकाम आणि रंगकाम यांत हा संच अव्वल आहे. परंतु पाणबुडीचा एक वर्ग दुसऱ्याहून ज्या खुणांनी ओळखला जातो, त्या खुणा बहुतांशी कातकामाच्या बाहेर पडतात, आणि तेथे ग्राहकाने स्वतः लक्ष घातले नाही तर चुका राहतात.

संचाची किंमत ११,००० रुपये पडली. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल ताब्यात घेताना, असा त्यांचा व्यवहार आहे. आम्ही सर्व नमुन्यांसाठी १:३०० हे एकच प्रमाण ठरवून दिले होते आणि ज्यांना असा संच करून घ्यायचा आहे त्यांनीही एकच प्रमाण ठेवावे असे मी आग्रहाने सांगेन. विकतच्या प्लास्टिक संचांत एक पाणबुडी एका प्रमाणात आणि दुसरी भलत्याच प्रमाणात मिळते, त्यामुळे त्या शेजारी ठेवल्या तरी मुलांना काहीच बोध होत नाही. येथे साडेएकोणीस सेंटिमीटरची यू वर्गातील 'अपहोल्डर' आणि तीस सेंटिमीटरची ओबेरॉन वर्गातील 'ओनिक्स' एका फळीवर ठेवली की वीस वर्षांत ब्रिटिश नौदलाच्या गरजा किती बदलल्या, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मी प्रत्येक नगाला मोजपट्टी लावून पाहिली आणि लांबीत कोठेही दोन मिलिमीटरपेक्षा अधिक फरक आढळला नाही, ही हातकामात साधी गोष्ट नव्हे.

पाणबुडीचे मुख्य अंग, म्हणजे माणसे आणि यंत्रे ज्यात असतात ते पोलादी कवच, हे जवळजवळ गोल नळकांडे असते, कारण पाण्याचा दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो आणि गोल आकार तो दाब कवचभर सारखा वाटून घेतो. तीनशे फुटांवर, म्हणजे युद्धकालीन टी वर्ग जेथवर नेहमी जाऊ शके त्या खोलीवर, समुद्रसपाटीच्या हवेच्या सुमारे नऊपट दाब त्या कवचावर जास्तीचा येतो. लेथवर फिरणाऱ्या लाकडातून हा आकार काढणे हे सावंतवाडीच्या कारागिरांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे काम आहे. पांगाऱ्याचा हलका तुकडा लेथला लावून मेस्त्रींनी पटाशी टेकवली की पाहतापाहता दोन्ही टोकांकडे निमुळता होत जाणारा आकार निघतो, आणि त्याच फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून रंग बसत जातो. मग केवड्याच्या सुकलेल्या पानाने घोटले की जी झळाळी येते, ती ब्रशने दिलेल्या कोणत्याही रंगाला येत नाही. सारे काम पाहत असताना मेस्त्रींनी जे एक वाक्य सांगितले त्यात या परीक्षणाचा निम्मा निष्कर्ष आला आहे: "गोल तुमी सांगशात तसा करून दितलंव, पण नाकाचा काम हातान करूचा लागता."

आणि ब्रिटिश पाणबुड्यांच्या बाबतीत सगळी गंमत त्या नाकातच आहे. टी वर्गाचे उदाहरण घ्यावे. या वर्गाच्या एकूण ५३ पाणबुड्या तीन गटांत बांधल्या गेल्या: पहिल्या गटात १५, दुसऱ्यात ७ आणि तिसऱ्यात ३१. १९३०च्या दशकात आराखडा करणाऱ्यांचा असा अंदाज होता की पाण्याखालील ध्वनिशोधक यंत्रांमुळे शत्रूच्या जवळ जाणे अवघड होईल, टॉर्पेडो दुरूनच सोडावे लागतील आणि नेम चुकण्याची शक्यता वाढेल. तेव्हा एकाच वेळी पुष्कळ टॉर्पेडो सोडता आले पाहिजेत. म्हणून पहिल्या गटात पुढे तोंड करून तब्बल दहा नळ्या बसवल्या: सहा कवचाच्या आत, दोन नाकाच्या वरच्या भागात कवचाबाहेर आणि दोन मधोमध कॉनिंग टॉवरच्या, म्हणजे पाठीवरच्या उंच बुरुजाच्या, पायथ्याशी. नाकावरच्या त्या दोन बाहेरच्या नळ्यांमुळे टी वर्गाच्या सुरुवातीच्या पाणबुड्यांचा पुढचा भाग बोजड, फुगीर दिसतो. पुढे अनुभवातून नाकावरच्या नळ्या थोड्या मागे सरकवल्या, मधल्या दोन नळ्यांची तोंडे मागच्या दिशेला फिरवली आणि शेपटीकडे आणखी एक नळी वाढवली. म्हणजे एकाच वर्गाच्या दोन पाणबुड्या शेजारी ठेवल्या तर जाणकाराला पाठीमागच्या नळ्या पाहून गट सांगता येतो.

आम्ही मागणी नोंदवली होती ती 'टॅली-हो'ची, जी तिसऱ्या गटातील आहे. हाती आलेला नमुना मात्र नखशिखांत पहिल्या गटाचा होता: फुगीर नाक, मधल्या नळ्यांची तोंडे पुढे आणि शेपटीकडे नळीच नाही. आराखडे आम्ही दोन्ही गटांचे दिले होते, आणि कारखान्यात त्यांची सरमिसळ झाली. काम म्हणून पाहिले तर तो नगही उत्तम होता. नाकाचा फुगीरपणा पटाशीने हलक्या हाताने काढलेला आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या. मेस्त्रींनी हसत सुचवले की पाणबुडी तीच ठेवूया, पाटीवरचे नाव तेवढे बदलूया. ही सूचना वरवर पाहता पळवाट वाटेल, पण ती बरोबर होती, कारण त्या रूपाच्या पंधरा पाणबुड्या खरोखरच होत्या. शेवटी त्या नमुन्यावर 'ट्रायम्फ'ची पाटी लावली आणि 'टॅली-हो' नव्याने करून दिली, तीही निम्म्या किमतीत. 'ट्रायम्फ'ला डिसेंबर १९३९मध्ये उत्तर समुद्रात सुरुंग लागून तिचे ते नाकच उडाले होते आणि तशाही अवस्थेत ती बंदराला परतली, हे सांगितल्यावर मुले त्या फुगीर भागाकडे अधिक लक्षपूर्वक पाहतात. नमुन्याची चूक अशा रीतीने संचाच्या पथ्यावर पडली, पण प्रत्येक ग्राहकाच्या नशिबी असे होईलच असे नाही.

'टॅली-हो'बद्दल आग्रह धरण्याचे कारण हिंदी महासागर. ती सिलोनमधील त्रिंकोमालीहून काम करत होती. ११ जानेवारी १९४४ रोजी पिनांगजवळ तिने 'कुमा' ही जपानी क्रूझर बुडवली आणि पुढच्याच महिन्यात जर्मनांच्या ताब्यातील, मूळची इटालियन असलेली एक पाणबुडी. त्याच फेब्रुवारीत एका जपानी टॉर्पेडो नौकेशी रात्रीच्या अंधारात तिची अगदी अंगाला अंग लागून गाठ पडली आणि त्या नौकेच्या फिरत्या पंख्याने तिच्या डाव्या बाजूच्या बॅलास्ट टाक्या, म्हणजे बुडी घेण्यासाठी पाणी भरायच्या टाक्या, फाडून टाकल्या. टी वर्गात या टाक्या कवचाच्या बाहेर, दोन्ही कुशींना खोगिराच्या पडद्यांसारख्या बसवलेल्या असत. टाक्या फाटल्या, पण आतले गोल कवच शाबूत राहिले. म्हणून एका बाजूला कललेली का होईना, ती त्रिंकोमालीला परत आली. नव्या नमुन्यात या टाक्या वेगळ्या पट्टीने चिकटवून त्यांचा सांधा लाखेखाली लपवला आहे, आणि बोट फिरवल्यावर कवचाची गोलाई कोठे संपते आणि टाकी कोठे सुरू होते ते नेमके कळते. संपूर्ण संचात हाताने केलेले हे सर्वांत सरस काम आहे. दुसऱ्या खेपेला मेस्त्रींना नुसता आराखडा दाखवण्याऐवजी ही हकिकत सांगितली होती, त्याचा हा परिणाम असावा असे माझे मत आहे.

एस वर्गाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. या वर्गाच्या ६२ पाणबुड्या बांधल्या गेल्या, ब्रिटिश नौदलाने एका वर्गात इतक्या पाणबुड्या दुसऱ्या कोणत्याही वर्गाच्या बांधल्या नाहीत, आणि त्यांचे रूपही तसेच सरळसाधे व कामापुरते होते. आमचा नमुना 'सेराफ'चा आहे. एप्रिल १९४३मध्ये बनावट कागदपत्रे असलेला एक मृतदेह स्पेनच्या किनाऱ्याजवळ समुद्रात सोडून जर्मनांना चकवण्याचा जो प्रसिद्ध डाव खेळला गेला, तो हिच्यावरून. नमुना सुबक आहे. तोफ मात्र टी वर्गाच्याच मापाची बसवली आहे, जी येथे डोळ्यांना थोडी मोठी वाटते.

यू वर्गाची 'अपहोल्डर' हा मुलांचा आवडता नग ठरला आहे आणि तो रंगामुळे. भूमध्य समुद्रातील स्वच्छ पाण्यात पाणबुडी विमानातून दिसू नये म्हणून तेथील ब्रिटिश पाणबुड्यांना गडद निळा रंग देत असत, आणि लाखेत हा निळा इतका खोल उतरला आहे की काळ्या-राखाडी नगांच्या रांगेत नजर प्रथम त्याच्याकडेच जाते. हा वर्ग मूळचा लढाईसाठी नव्हताच. पाणबुडीविरोधी जहाजांना सरावासाठी लहान, स्वस्त लक्ष्य हवे म्हणून त्याचा आराखडा झाला आणि मग युद्ध तोंडावर आल्यामुळे त्यावर टॉर्पेडो चढवले गेले. सुरुवातीच्या काही पाणबुड्यांत नाकावर दोन जादा नळ्या बसवल्या, तेव्हा पेरिस्कोपपुरते वर असताना नाकापाशी लाट उठू लागली आणि खोली सांभाळणे अवघड होऊ लागले. पुढे त्या नळ्या गाळून नाक बारीक केले. एकूण ४९ पाणबुड्यांच्या या वर्गाने माल्टाच्या तळावरून उत्तर आफ्रिकेकडे जाणाऱ्या इटालियन रसदीचे मोठे नुकसान केले. 'अपहोल्डर'चा कप्तान डेव्हिड वॉन्क्लिन याचा जन्म कोलकात्याचा. मे १९४१मध्ये 'कोंते रोसो' हे सैन्यवाहू जहाज त्याने ध्वनिशोधक यंत्र बंद पडलेले असताना केवळ पेरिस्कोपच्या भरवशावर बुडवले, आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एप्रिल १९४२मध्ये 'अपहोल्डर' सर्व माणसांसह नाहीशी झाली.

या नगात एक दोष आहे आणि तो नजरेतून सुटण्यासारखा आहे. नाकातील टॉर्पेडो नळ्यांची छिद्रे सुईच्या टोकाएवढी पाडलेली आहेत, पण ती आधी पाडून लाख नंतर चढवल्यामुळे दोन छिद्रे लाखेने पूर्ण बुजली आहेत. खेळण्यात याचे काय एवढे, असे कोणी म्हणेल, आणि तापवलेल्या सुईने मी ती मोकळीही केली. परंतु ब्रिटिश पाणबुड्यांचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाला असे बुजलेले छिद्र पाहून 'थेटिस' आठवल्यावाचून राहत नाही. १ जून १९३९ रोजी टी वर्गाची ही नवी पाणबुडी लिव्हरपूलच्या उपसागरात चाचणीसाठी पहिली बुडी घेत होती. टॉर्पेडो नळीत पाणी आहे की नाही हे पाहण्यासाठी नळीच्या आतल्या झाकणावर एक बारीक चाचणी-तोटी असते. पाचव्या नळीच्या तोटीचे छिद्र एनॅमल रंगाने बुजलेले होते. तोटी उघडली, पाणी आले नाही, नळी कोरडी आहे असे समजून आतले झाकण उघडले, आणि बाहेरचे झाकण उघडेच असल्यामुळे समुद्र थेट आत घुसला. नाक तळाला टेकले, शेपूट काही काळ पाण्याबाहेर राहिले, बचावाची जहाजे जवळ होती, तरी १०३ जणांपैकी चौघेच बाहेर पडू शकले आणि ९९ जण गेले. पुढे तीच पाणबुडी वर काढून 'थंडरबोल्ट' या नावाने युद्धात उतरवली आणि मार्च १९४३मध्ये ती पुन्हा बुडाली. कारखान्याला मी एवढेच सुचवले आहे की छिद्रे लाख चढल्यावर पाडावीत. पुढच्या 'टॅली-हो'त ती तशी पाडलेली आहेत.

ए वर्गाकडे वळताना प्रथम एक गैरसमज दूर करायला हवा, कारण या नमुन्याबद्दल आमच्याच एका पाहुण्याने आक्षेप घेतला होता. आमची 'अँड्र्यू' उंच, गुळगुळीत, बंदिस्त टॉवरची आहे आणि तिच्या पुढ्यात तोफही आहे. युद्धकाळातील तोफ आणि युद्धानंतरचा टॉवर एकत्र करून कारखान्याने घोटाळा केला, असे त्या पाहुण्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात नमुनाच बरोबर आहे. ए वर्ग पॅसिफिकच्या लांबच्या पल्ल्यासाठी आखला होता. कवच पूर्ण वेल्डिंगचे, तुकडे वेगवेगळे बांधून मग जोडलेले, आणि पृष्ठभागावरचा वेग साडेअठरा नॉट. ४६ पाणबुड्यांची मागणी होती, पण युद्ध संपल्यामुळे सोळाच पूर्ण झाल्या आणि एकीनेही प्रत्यक्ष लढाई पाहिली नाही. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांना गुळगुळीत रूप देताना तोफा काढल्या गेल्या. मात्र साठच्या दशकात इंडोनेशियाबरोबरच्या संघर्षाच्या काळात लहान नौका अडवण्यासाठी काहींवर त्या पुन्हा चढवल्या. 'अँड्र्यू'वरची तोफ ब्रिटिश पाणबुड्यांवरची शेवटची ठरली आणि १९७४च्या डिसेंबरमध्ये ती अखेरची डागली गेली. हीच 'अँड्र्यू' १९५३मध्ये स्नॉर्केलवर, म्हणजे हवा घेण्याची नळी तेवढी वर ठेवून, बर्म्युडाहून इंग्लिश खाडीपर्यंत संपूर्ण अटलांटिक पाण्याखालून ओलांडून आली. अशी कामगिरी तोवर कोणत्याही पाणबुडीने केली नव्हती.

स्नॉर्केलची नळी या नमुन्यात तांब्याच्या तारेची आहे आणि ती वर-खाली करता येते. ही कल्पना कारखान्याची स्वतःची, आम्ही मागितलेली नव्हती. मुलांच्या हाताळणीत ती आतापर्यंत दोनदा वाकली आणि सरळ केली, पण तुटली नाही. याच वर्गाची 'अॅफ्रे' १६ एप्रिल १९५१ रोजी इंग्लिश खाडीत ७५ माणसांसह बुडाली आणि शोध लागला तेव्हा तिची स्नॉर्केलची नळी बुडापासून मोडलेली आढळली. ही हकिकत सांगताना ती हलणारी तार फार उपयोगी पडते. या नगाचा दोष वेगळाच आहे. गोल कवचावर बसवलेली वरच्या आवरणाची लाकडी पट्टी पावसाळ्यात फुगली आणि मृग सरतासरता पुढच्या टोकाला सांध्यात नखभर फट पडली. कोकणातील दमट हवेत असे होणारच, हे कारखान्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असले पाहिजे. कवच पांगाऱ्याचे आणि पट्टी दुसऱ्याच लाकडाची, असे केल्यावर दोन्ही सारखी कशी हलतील? दुरुस्ती विनामूल्य करून मिळाली, तथापि सावंतवाडीला नग नेण्या-आणण्याचा व्याप आपल्यालाच करावा लागतो.

ओबेरॉन वर्गाची 'ओनिक्स' पाहिल्यावर भारतीय वाचकाच्या मनात दुसरा एक धागा जुळतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या नौदलाचे पहिले पाणबुडी अधिकारी ब्रिटनमध्ये शिकले आणि भारताने प्रथम विचारणाही ब्रिटनकडेच केली होती. आर्थिक अटींवर ते जमले नाही, आणि ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा येथे सोव्हिएत बनावटीची 'कलवरी' आपल्या नौदलात दाखल झाली. ओबेरॉन वर्गाच्या एकूण २७ पाणबुड्या झाल्या: १३ ब्रिटनसाठी, सहा ऑस्ट्रेलियासाठी, प्रत्येकी तीन कॅनडा व ब्राझीलसाठी आणि दोन चिलीसाठी. आवाज न करण्यासाठी हा वर्ग नावाजलेला होता, आणि १९८२च्या फॉकलंड युद्धात गेलेली एकमेव डिझेल-विद्युत ब्रिटिश पाणबुडी म्हणजे ही 'ओनिक्स'. या वर्गाच्या वरच्या आवरणात फायबरग्लासचा वापर झाला, त्यामुळे त्याच्या रेषा आधीच्या वर्गांपेक्षा मऊ दिसतात, आणि नाकावर ध्वनिशोधकाचा ठळक घुमट असतो. नमुन्यात घुमट उत्तम साधला आहे. तो लेथवर वेगळा कातून बसवलेला असल्यामुळे नेमका त्यांच्या हातचा आहे. मात्र काळ्या लाखेची चकाकी येथे खटकते. पाणबुडीचा रंग मंद असतो, तिने चमकायचे नसते. ही 'ओनिक्स' दिवाणखान्यातील फुलदाणीसारखी लखलखते. चकाकी नको असल्यास तसे आधी सांगावे लागते. मग केवड्याच्या पानाने घोटण्याऐवजी बारीक पॉलिश पेपर फिरवून देतात, आणि तो परिणाम 'टॅली-हो'वर फारच चांगला आला आहे. दुकानातील मंडळींना स्वतःला ते काम अपुरे वाटते, म्हणून ते आपणहून तसे करणार नाहीत.

'ड्रेडनॉट'मध्ये कातकाम आणि पाणबुडी यांची खऱ्या अर्थाने गाठ पडली आहे. अणुशक्तीमुळे पृष्ठभागावर राहण्याची गरज संपली आणि आकार पाण्याखालच्या वेगासाठी घडवला जाऊ लागला. पुढून जाड, मागे निमुळता होत जाणारा, शेपटीला एकच पंखा. येथे जहाजासारखे नाक नाही, पाठीवर पट्टीसारखे लांब आवरण नाही, त्यामुळे हाताने कोरण्याचे काम जवळजवळ उरत नाही. एका लाकडातून एका बैठकीत काढलेला हा नग हातात घेतला की खाली ठेववत नाही. तिच्या पुढच्या अर्ध्या भागाची रचना ब्रिटिश आणि मागच्या भागातील अणुभट्टी व यंत्रसामग्री अमेरिकन होती, आणि ३ मार्च १९७१ रोजी उत्तर ध्रुवावर वर येणारी ती पहिली ब्रिटिश पाणबुडी ठरली. पाटीवर मात्र १९६० हे साल घातले आहे, जे जलावतरणाचे आहे. सेवेत ती एप्रिल १९६३मध्ये आली. इतर सर्व पाट्यांवर सेवेत येण्याचे साल आहे. पाट्यांचा मजकूर कारखाना बाहेरून छापून घेतो, म्हणून तो छापण्याआधी एकदा डोळ्यांखालून घालण्याचा आग्रह धरावा.

प्लास्टिकच्या आयात संचांशी तुलना अपरिहार्य आहे. बारकाव्यांत ते निःसंशय वरचढ असतात. रिव्हेटच्या ओळी, पाणी निघून जाण्याची भोके, कठड्याच्या तारा, हे सर्व त्यांत मिळते आणि लाकडात ते कधीच येणार नाही. पण ते जोडायला निष्णात हात लागतात, यू किंवा ए वर्गाचा संच मागवून मिळेलच याचा भरवसा नसतो, आणि जोडून झाल्यावर तो शाळेतील मुलांच्या हाती देण्याची कोणाची छाती होत नाही. आमच्या कपाटाला कुलूप नाही. ज्यांना काचेमागे ठेवण्यासाठी काटेकोर प्रतिकृती हवी आहे, त्यांनी या कारखान्याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांना हाताळण्यासाठी, शेजारी ठेवून फरक दाखवण्यासाठी नमुने हवे आहेत, त्यांना या किमतीत याहून चांगले काही कोकणात मिळेल असे मला वाटत नाही.

मागणी नोंदवताना प्रत्येक नगासाठी एकच आराखडा द्यावा, त्यावर पाणबुडीचे नाव आणि साल मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि नाक, टॉवर व शेपूट यांची वेगळी चित्रे जोडावीत. बाकीच्या गोलाईची काळजी करू नये. माल शक्यतो स्वतः जाऊन आणावा. आमचा पहिला संच कुरिअरने मागवला होता, तो भाताच्या पेंढ्यात व्यवस्थित बांधूनही 'सेराफ'चा पेरिस्कोप वाकडा होऊन आला. आषाढापासून चतुर्थीपर्यंत कारखान्यात मखरांची आणि चौरंगांची गडबड असते, तेव्हा कोणी पाणबुडीकडे ढुंकूनही पाहत नाही. दिवाळीनंतर गेल्यास मेस्त्री निवांत भेटतात. सुटा नग १,८०० रुपयांना पडतो, आणि 'कलवरी' करून मिळेल का असे विचारले असता, तीन पंखे असलेली शेपूट हाताने कोरावी लागेल म्हणून तिचे दोनशे रुपये वर सांगितले आहेत.